प्रिन्स ऑफ पर्शियासारख्या जुन्या गेममध्ये बटण दाबल्यावर पात्र इतकं उशिरा का हलतं?

कंट्रोलर खराब नाही, गेमच तसा आहे. गेमचा निर्माता जॉर्डन मेकनरने आपल्या भावाचं धावणं, उड्या मारणं चित्रित केलं आणि त्या फ्रेम्सवरून १९८९ सालचा राजपुत्र रेखाटला. त्यामुळे सुरू झालेली हालचाल पूर्ण होईपर्यंत तो तुमचं ऐकत नाही. पळताना थांबवलं तरी थोडा पुढे घसरतोच. मारिओसारखं हवेत दिशा बदलणं विसरा. कडेजवळ एकेक सावध पाऊल टाका, मग उडी. पडताना पकडीचं बटण धरून ठेवलंत तर समोरची कड हाती लागते, निम्मे जीव इथेच वाचतात! सुपर निन्टेंडो या कन्सोलच्या आवृत्तीत गेम संपवायला ६० ऐवजी १२० मिनिटं मिळतात, पण पातळ्याही २०. सवय झाली की सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवर ‘फ्लॅशबॅक’ हा असाच गेम घ्या, माझ्या मते या प्रकारातला सर्वोत्तम.