कार्टूनमधली कुस्ती आणि पाच वर्षांची बहीण

‘मॅडम, हा गेम खेळून माझा मुलगा हिंसक होईल का?’ हा प्रश्न पालक मला वारंवार विचारतात. गेल्या वर्षी कोथरूडहून आलेल्या एका आईने तो रडतच विचारला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून तो अनुभव येथे देत आहे.

तिसरीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने पाच वर्षांच्या बहिणीला उचलून दिवाणावर आपटले होते. तिच्या हनुवटीला दिवाणाची कड लागली आणि दोन टाके घालावे लागले. मुलगा ‘डब्ल्यूडब्ल्यूई टूके बॅटलग्राउंड्स’ हा सप्टेंबर २०२० मध्ये आलेला, अमेरिकी व्यावसायिक कुस्तीवरचा व्हिडिओ गेम खेळत असे. त्यातील पैलवान फुगवलेल्या बाहुल्यांसारखे दिसतात, त्यांच्या उड्या अशक्य कोटीतल्या असतात, आणि एका आखाड्यात तर प्रतिस्पर्ध्याला मगरीच्या तोंडी देता येते. ‘कार्टून आहे, रक्त दिसत नाही, म्हणून घेऊन दिला,’ असे आई म्हणाल्या. खोक्यावरच्या ‘टी’ या अक्षराकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते. अमेरिकी वर्गीकरणानुसार ते अक्षर तेरा वर्षे आणि त्यापुढील वयासाठी असते. चित्रे गोड असली म्हणजे खेळ लहानांसाठीच असतो, असा समज मला अनेक घरांत आढळतो.

मी मुलाच्या हाती एक उशी दिली आणि डाव दाखवायला सांगितले. त्याने आधी सतरंजी सरळ केली, उशी डोक्यावर उचलली, खाली टाकली आणि जमिनीवर तळहात आपटत तीनपर्यंत मोजले. नंतर तो उशीकडे पाहत थांबला. ‘आता काय?’ असे मी विचारल्यावर तो म्हणाला, ‘आता तो उठतो.’ बहीण पडल्यावरही तो असाच थांबला होता, असे आईने सांगितले होते. त्याच्या मनात राग नव्हता. पडलेला माणूस उठतोच, एवढेच तो त्या पडद्यावरून शिकला होता.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये मांडलेली भूमिका मी आईंना समजावून सांगितली. हिंसक गेम आणि ढकलाढकली, आरडाओरडा यांसारखे आक्रमक वर्तन यांच्यात लहानसा संबंध दिसतो, परंतु गंभीर हिंसेचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असा तिचा आशय आहे. त्यामुळे ‘मुलगा गुंड होईल’ ही भीती मला अनाठायी वाटली. बहिणीची हनुवटी मात्र खरी होती आणि तिच्यासाठी काही करणे भाग होते.

डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, उचलला जाणारा पैलवान स्वतः उडी मारून उचलणाऱ्याला साथ देतो आणि अंग सोडून पडण्याचा सराव दोघांनीही वर्षानुवर्षे केलेला असतो, हे मी मुलाला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, ‘म्हणजे तिने उडी मारायला पाहिजे होती?’ ‘तिला ते कुणी शिकवले होते का?’ असे मी विचारल्यावर त्याने मान खाली घातली. त्या क्षणी मला त्याचे फार वाईट वाटले, पण मी घाईने समजूत घातली नाही.

गेम पूर्ण बंद करावा, असे मी सुचवले नाही. बंद दाराआड एकट्याने खेळणे मात्र थांबवले. शनिवार-रविवारी बाबांनी शेजारी बसून खेळायचे आणि जिवंत माणसाला जमिनीवरून उचलायचे नाही, एवढे दोनच नियम ठरले. आजोबा तरुणपणी तालमीत जात असत; ते नातवाला शुक्रवार पेठेतील एका तालमीत नेऊ लागले. तेथे वस्तादांनी पहिले काही आठवडे त्याला एकही डाव शिकवला नाही. माती उकरणे, दोरीच्या उड्या आणि हनुवटी छातीला लावून मारायच्या कोलांट्या, एवढेच चालले.

चार महिन्यांनी आई पुन्हा आल्या. आता घरात दिवाणावरचा लोड हाच प्रतिस्पर्धी असतो. बहीण पंच असते, आणि लोड चीत झाला की गादीवर हात आपटत तीनपर्यंत तीच मोजते.