पेट्राला जाणार असशील तर

सुट्टीत जर्मनीहून जॉर्डनला जायचं ठरलं असेल, तर जॉर्डन पास (पर्यटनस्थळांची तिकिटं आणि व्हिसाची फी एकत्र) विमानात बसण्याआधीच ऑनलाइन घे. देशात किमान ३ रात्री राहिलास तरच त्यावर व्हिसाची फी माफ होते. दोन रात्रींची घाईची सहल म्हणूनच महाग पडते.

पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन नगरीचं दार उघडताच आत शीर. अल-खझ्ना या कोरीव वास्तूवर ऊन सकाळी येतं, वर डोंगरातल्या अद-दैर या दुसऱ्या वास्तूवर दुपारनंतर. क्रम तसाच ठेव. सीक ही आत नेणारी अरुंद घळ सव्वा किलोमीटरची. तिच्या भिंतीत ही नगरी वसवणाऱ्या नबातियन लोकांनी कोरलेला पाण्याचा पाट बघायला विसरू नकोस. दैरला ८०० वर पायऱ्या, झिजलेल्या, वर वाळू. पाय सटकतो तो उतरताना. ठाण्याजवळ येऊरच्या डोंगरात घालतोस तेच बूट ने, नवे कोरे नकोत.

ठाण्यात घाम निथळतो. तिथे तो दिसायच्या आत उडून जातो, आणि कळतं ते डोकं दुखायला लागल्यावर. ३ लिटर पाणी आणि ओआरएसची २ पाकिटं हवीतच. डोक्याला गावदेवी मार्केटातला सुती पंचा; टोपीने मान झाकत नाही.

तिकिटात घोडा ‘फुकट’ असतो, बक्षिशी मात्र वेगळी द्यावी लागते!

पावसाचा अंदाज असेल तर सीक टाळ. पाऊस लांब डोंगरात पडला तरी लोंढा घळीत येतो. १९६३ मध्ये त्यात पर्यटक दगावले होते.