जीवनसत्त्वांत कॅलरी नसतात, मग ती कमी पडली की थकवा का येतो? आणि थकव्यावर मल्टीव्हिटॅमिन घ्यावं का?

कॅलरीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. ऊर्जा मिळते ती पिष्टमय पदार्थ, चरबी आणि प्रथिनांतून. पण ती मोकळी करणारी एन्झाइम्स, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, जीवनसत्त्वांच्या मदतीशिवाय अडून बसतात. ग्लुकोजपासून तयार झालेलं पायरुव्हेट पुढे ढकलणाऱ्या एन्झाइमला बी१ लागतं. ते नसलं की पायरुव्हेट साचतं, त्याचं लॅक्टेट होतं, आणि पोट भरलेलं असूनही पेशी उपाशी राहतात. पहिला फटका बसतो तो ज्यांना क्षणभरही उसंत नसते त्यांना, म्हणजे मज्जातंतूंना आणि हृदयाला. बेरीबेरी म्हणतात तो हाच आजार. बी१चा साठा शरीरात जेमतेम काही आठवडे पुरतो.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. मुलांना ‘अ म्हणजे रातांधळेपणा, क म्हणजे स्कर्व्ही, ड म्हणजे मुडदूस’ हा तक्ता तोंडपाठ असतो. स्कर्व्हीत हिरड्यांतूनच रक्त का येतं, हे विचारलं की वर्ग गप्प. खरं तर कोणतं जीवनसत्त्व काय काम करतं ते कळलं की लक्षणं घोकावी लागत नाहीत. हिरड्या, रक्तवाहिन्या, त्वचा यांना बळकटी देणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन. त्याचे तीन धागे एकमेकांत पिळलेले असतात. ती वीण घट्ट राहण्यासाठी त्यांवर काही रासायनिक गट चढवावे लागतात, आणि ते चढवणाऱ्या एन्झाइममधला लोहाचा अणू कामाचा ठेवतं ते ‘क’. ते संपलं की नवं कोलॅजन कच्चं बनतं, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, हिरड्या सुजून रक्ताळतात. जुन्या, कधीच्या भरून आलेल्या जखमासुद्धा उकलतात, कारण व्रणातलं कोलॅजनही सतत मोडत आणि नव्यानं बनत असतं. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातला डॉक्टर जेम्स लिंड यानं जहाजावरच्या स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर सहा वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. बहुतेक सस्तन प्राणी ‘क’ स्वतःच बनवतात. आपल्यातलं ते जनुक मात्र निकामी झालेलं आहे.

‘अ’चं गणित सरळ आहे: अंधुक उजेडात दिसण्यासाठी लागणारं ऱ्होडॉप्सिन त्यापासून बनतं. ‘ड’ नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, मग हाडं मऊ पडतात. ‘के’ रक्त गोठण्यासाठी लागतं.

थकव्याच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती बी१२ची. ते कमी पडलं की अस्थिमज्जेतल्या पेशींना डीएनए वेळेवर बनवता येत नाही. लाल पेशी मोठ्या पण थोड्या तयार होतात, ऑक्सिजन कमी पोचतो, जिना चढताना धाप लागते. यकृतात साठा काही वर्षांचा असतो, त्यामुळे कमतरता फार सावकाश उघडी पडते. आहारात असूनही ती होऊ शकते. बी१२ शोषलं जायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानंही शोषण घटतं. खरी मेख पुढे आहे. अशा वेळी नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट बरा दिसतो, पण मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते. पायांना मुंग्या येणं, तोल जाणं, विसरायला होणं ही त्याची लक्षणं. आणि फार उशीर झाला तर ती पूर्ण भरून येत नाही.

म्हणून ‘थकलोय, एक मल्टीव्हिटॅमिन घेऊन टाकू’ हे मला पटत नाही. थकवा लोह कमी झाल्यानं, थायरॉइडमुळे किंवा नुसत्या अपुऱ्या झोपेनंही येतो. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, हेही सगळ्या जीवनसत्त्वांना लागू नाही. ‘अ’ यकृतात साठतं आणि गरोदरपणात अतिरेक झाला तर बाळाला अपाय होतो, ‘ड’ फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, बी६चे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर उलट मज्जातंतूच दुखावतात.

थकवा आठवडेच्या आठवडे टिकून असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि रक्त तपासायला देईपर्यंत स्वतःच्या मनानं गोळी सुरू करू नका. चार दिवस बी१२ घेऊन तपासणी केली की रक्तातली पातळी चढलेली दिसते आणि आधी ती किती होती हे कळायला मार्ग उरत नाही.