ओरखडा बाहेर, मार आत

पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, पण शंका तीच असते: बाहेरून धड दिसणारं हेल्मेट कशासाठी बदलायचं? म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सर, हेल्मेटला औषधासारखी एक्सपायरी असते का? (लातूर)

नसते. रोजचा वापर असेल तर बहुतेक कंपन्या तीन ते पाच वर्षांत बदलायला सांगतात. तयार झाल्याची तारीख आतल्या लेबलवर असते, ती वाचा.

रस्त्याच्या कडेला तीनशे रुपयांत आयएसआयचं हेल्मेट मिळतंय. घ्यावं का? (परभणी)

आयएसआयचं स्टिकर कोणीही छापून आणतो. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ या मानकाची आयएसआय खूण सक्तीची आहे. खुणेखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा. क्रमांकच नसेल तर ती टोपी आहे, हेल्मेट नव्हे.

महिन्यापूर्वी गेवराईजवळ गाडी घसरली, डोकं आपटलं. हेल्मेटला नुसता ओरखडा आहे, मलाही काही झालं नाही. दुकानदार म्हणतो, पॉलिश करून नव्यासारखं करून देतो. लहान भावाला वापरायला देऊ का? (बीड)

देऊ नका. हे पत्र वाचून मला झोप लागली नाही, म्हणून जरा लांबवून सांगतो.

बाहेरचं कवच धक्का पसरवतं. खरा मार झेलतं ते आतलं थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात येतं त्याच जातीचं, पण घट्ट. डोकं आपटलं की ते दबतं, आणि ते दबत असताना डोकं एकदम न थांबता थोडं सावकाश थांबतं. मेंदू वाचतो तो एवढ्याशा अवधीमुळं. पण एकदा दबलेलं थर्माकोल पुन्हा फुगत नाही. कवच मात्र लवचीक असल्यानं जागेवर परत येतं, वर कापडी अस्तर असतं, त्यामुळं आतला खड्डा कुणाला दिसत नाही. वाळूजच्या कारखान्यांत सुरक्षेचं काम करताना अपघातातली हेल्मेटं आम्ही मधोमध कापून कामगारांना दाखवायचो. बाहेर बोटभर ओरखडा, आत थर्माकोल चेपून तडकलेलं. पॉलिश त्या खड्ड्यापर्यंत पोचत नाही, आणि हे माहीत असूनही दुकानदार ते विकतात याचा मला संताप येतो. तुमच्या हेल्मेटनं आपलं काम एकदा केलंय. त्याचा पट्टा कापून टाका, म्हणजे भंगारातून उचलून दुसरं कुणी ते घालणार नाही. भावाला नवं घ्या.

आणि ‘मला काही झालं नाही’ हे तुम्ही ठरवलंत की डॉक्टरांनी? डोक्यातला रक्तस्राव कधीकधी हळूहळू वाढतो, लक्षणं काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी दिसतात. डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ यांतलं काहीही जाणवलं तर तडक मोठ्या दवाखान्यात जा. काही जाणवत नसलं तरी या आठवड्यात एकदा दाखवून या.

रोलिंग मिलमधलं पिवळं हेल्मेट घालून मोटारसायकल चालवली तर चालतं का? (जालना)

नाही. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असतं, त्याचं मानकही वेगळं, आयएस २९२५. रस्त्यावर आपटल्यावर ते डोक्यावर टिकत नाही.

हेल्मेटला घामाचा वास येतो. मित्र म्हणतो पेट्रोलनं पूस. (नांदेड)

मित्राचं ऐकू नका. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांनी थर्माकोल विरघळतं, कवच ठिसूळ होतं. अस्तर निघत असेल तर काढून कोमट पाणी आणि अंगाच्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा. काच मऊ ओल्या फडक्यानं पुसा. आपल्याकडच्या मे महिन्यात हेल्मेट उन्हात टाकीवर ठेवू नका आणि आरशावर अडकवू नका, आरशाच्या टोकानं थर्माकोल दबतं. डोक्याला खाज किंवा पुरळ असेल तर औषध त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच लावा.

सहा वर्षांच्या मुलीला हेल्मेट लागतं का? मोठ्या भावाचं घातलं तर? (धाराशिव)

चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला कायद्यानं लागतं. भावाचं नको. मुलीला दुकानात सोबत न्या, पट्टा लावा आणि हेल्मेट मागून धरून पुढं ओढा. निघून आलं तर लहान माप मागा. योग्य माप दुकानात नसेल तर कंपनीच्या विक्रेत्याकडं विचारा, स्पंज कोंबून मोठं हेल्मेट घालू नका.