कासवांच्या किनाऱ्यावर रात्रीची गस्त

प्रश्न : मी गोव्यात, पेडण्याला कॉलेजला आहे. मोरजीला कासवांच्या कामात स्वयंसेवक म्हणून जायचे आहे. काय करावे लागते? घरटे सापडले तर अंडी आपण हलवावीत का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : अंडी हलवू नका. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, त्यामुळे अंड्यांना हात लावायचा तो वनखात्याच्या माणसांनीच. शिवाय अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला वरच्या बाजूने आतून चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले की गर्भ सुटून मरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पन्नासेक दिवसांनी अंडे फुटत नाही तेव्हा कळते. म्हणून भरतीच्या टप्प्यातली अंडी हलवायचीच झाली तर पहिल्या दोन-तीन तासांत, वरची बाजू वरच ठेवून, त्याच खड्ड्यातल्या ओलसर वाळूसकट नेतात. नवा खड्डाही साधारण दीड फूट खोल, तोंडाला अरुंद, तळाला फुगीर.

तुमचे काम गस्तीचे. आधी परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. थंडी सुरू झाली की मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे माद्या रात्री किनाऱ्यावर येतात. गडद कपडे घाला, बॅटरीवर लाल कागद लावा आणि भरतीच्या रेषेने माग शोधत चाला. रिडले आपले पंख, म्हणजे वल्ह्यासारखे पाय, आळीपाळीने टाकते, त्यामुळे तिच्या मागाच्या डाव्या-उजव्या खुणा समोरासमोर येत नाहीत. मादी दिसली की आहात तिथेच बसा. खड्डा खणून होईपर्यंत ती फार बुजते, उजेड दिसला तर अंडी न घालताच परतते. अंडी घालू लागल्यावर जायचे तर मागच्या बाजूनेच. मोबाइलचा फ्लॅश तर नकोच. खरी दमछाक होते ती पर्यटकांना आवरताना.

प्रश्न : पिल्ले उचलून थेट पाण्यात सोडली तर कावळ्या-कुत्र्यांपासून वाचतील ना? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : उचलू नका, वाळूवरून आपल्या पायांनी जाऊ द्या, कावळे-कुत्रे तुम्ही बाजूला उभे राहून हाकला. पिल्ले उजेडाकडे वळतात, म्हणून शॅकवाल्यांना समुद्राकडचे दिवे बंद करायला आधीच सांगून ठेवा. घरट्यावर टोपली झाकली असेल तर पंचेचाळिसाव्या दिवसापासून रात्रभर अर्ध्या-अर्ध्या तासाने डोकवा. पिल्ले बहुधा वाळू गार झाल्यावर वर येतात; टोपलीत अडकून ऊन चढले की सुकून मरतात.