मुलं घरातच आहेत, तरी मला त्यांची आठवण येते

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एक बाई पहिल्या भेटीत बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. वय 41, मुलगा 14 वर्षांचा, मुलगी 11 वर्षांची. मग एकदम म्हणाल्या, "मुलं घरातच आहेत, धडधाकट आहेत, तरी मला त्यांची आठवण येते. रस्ता ओलांडताना माझा हात आपसूक मागे जातो आणि मुलाचे दोन्ही हात खिशात असतात. कुणाचं तान्हं बाळ दिसलं की पाय निघत नाही. माझं काही बिघडलंय का?"

बिघडलेलं काही नाही. बाळाकडे बघून पाय थांबतो, याचं कारण बाळाच्या चेहऱ्यातच असतं. मोठं कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल ही ठेवण दिसली की माणसाच्या मनात जपण्याची ओढ जागी होते, असं प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी 1943 मध्येच मांडलं होतं. राहिली आठवण. तीन वर्षांचं ते मूल आता कुठेच नाही, हे खरंच आहे. चौदा वर्षांचा मुलगा समोर बसलेला असला तरी त्या लहानग्याचा वियोग होतोच. फक्त त्यासाठी कुणी सांत्वनाला येत नाही. उलट "मुलं मोठी झाली, सुटलीस" असं म्हणतात, आणि बाई गप्प बसते.

पण नुसता दिलासा देऊन भागत नाही. आधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा कामातला रस गेला आहे का? तसं असेल तर नैराश्याची रीतसर तपासणी हवी. चाळिशीत पाळीचं चक्र बदलू लागलं असेल, तर त्यानंही झोप मोडते, रडू लवकर येतं. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायला हवं. तिसरा प्रश्न हळूच विचारायचा: मध्ये कधी गर्भपात झाला होता का? न रडलेलं दुःख पुष्कळदा या ओढीच्या तळाशी सापडतं. या बाईंच्या बाबतीत तिन्हींची उत्तरं 'नाही' अशी होती.

मग त्यांना एकच प्रश्न घरी नेऊन लिहायला दिला. नेमकं काय हवंय: नवं बाळ, तेच जुनं बाळ, की त्या वेळची मी? बहुतेक जणी हे तिन्ही एकत्र कालवतात आणि गोंधळतात. त्यांना उत्तर सापडायला दोन भेटी लागल्या. "तेव्हा माझ्यावाचून घरात पान हलत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता मी नुसती वेळापत्रक सांभाळते."

(उत्तर खरोखर 'नवं बाळ' असेल, तर तो वेगळा विषय आहे. ओढीच्या भरात निर्णय घेऊ नये. तीन महिने दर आठवड्याला तारीख टाकून दोन ओळी लिहाव्यात, जोडीदाराशी बोलावं. मात्र पस्तिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांची भेट तीन महिने लांबवू नये, ती लगेच घ्यावी.)

रोज रात्री त्या मुलाचा एक जुना व्हिडिओ बघायच्या. त्यात तो चप्पल पुढे करून "तप्पल, तप्पल" म्हणतो. जेमतेम चाळीस सेकंदांचा. भेटीत त्यांना त्या दिवसाचे उरलेले तास आठवायला सांगितले. हळूहळू आठवलं: मुलाला आठवडाभर ताप येत होता, रात्रीची झोप नव्हती, संध्याकाळी त्या न्हाणीघराचं दार लावून रडल्या होत्या. आठवणीतला कडूपणा गोडव्यापेक्षा लवकर विरतो, आणि कॅमेरा तर आपण हसतानाच बाहेर काढतो. हे आठवायचं ते गोडवा पुसण्यासाठी नव्हे. त्या काळातली दमलेली बाईही आपणच होतो, हे दिसावं म्हणून. व्हिडिओ बघणं बंद करायला सांगितलं नाही. फक्त रात्रीऐवजी सकाळी बघायचं ठरलं, कारण रात्री थकलेलं मन त्यात अडकून पडतं.

एक गोष्ट मात्र बिनसली होती. शेजारचं दीड वर्षाचं बाळ त्या रोज संध्याकाळी दोन तास घरी आणत. नेमकी तीच मुलीची शाळेतून यायची वेळ. तिचं पोट दुखू लागलं, ती बोबडं बोलू लागली. एक दिवस म्हणाली, "मी लहानच राहिले असते तर बरं झालं असतं." हे ऐकल्यावर त्या हादरल्या. "लहानपणी किती गोड होतीस" यातून मुलीला 'आता नाहीस' एवढंच ऐकू येतं.

बाळाला आणणं आठवड्यातून दोनदाच ठेवलं, तेही मुलगी आल्यानंतर अर्ध्या तासाने. तो पहिला अर्धा तास फक्त मुलीचा. लहानपणच्या गोष्टी तिने विचारल्या तरच सांगायच्या, आणि सोबत आजची आवडलेली एक गोष्टही सांगायची. अमुक गणित कसं सोडवलंस, मैत्रिणीची बाजू कशी घेतलीस, अशी नेमकी.

मुलाचा मार्ग निराळा. वयात येताना झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, त्यामुळे ही मुलं रात्री उशिरा मोकळी होतात. साडेनऊ-दहाच्या सुमारास पंधरा मिनिटं त्याच्या आसपास हातातलं काम घेऊन बसायचं, शेजारी, समोरासमोर नाही. अभ्यासाबद्दल अवाक्षर नाही. पहिले आठ-दहा दिवस तो काहीच बोलत नाही, आणि तिथेच बहुतेक आया धीर सोडतात. या बाईंनी सोडला नाही. अकराव्या दिवशी त्याने मोबाईल पुढे करून एका खेळाचे नियम समजावले. त्यांना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण त्या ऐकत राहिल्या.

सहा भेटींनंतर आम्ही थांबलो. वाढदिवस, शाळा बदलणं, जुने कपडे काढणं अशा वेळी ही ओढ पुन्हा उसळते, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय. मुलीचा बारावा वाढदिवस दोन महिन्यांवर आहे. त्या आठवड्यातली एक वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.