जुने रिव्हिजन क्रमांक गिटमध्ये कुठे ठेवावेत?

प्रश्न : आमचा प्रकल्प सबव्हर्जनमधून गिटमध्ये (दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणाली) न्यायचा आहे. बगच्या नोंदींत जागोजागी ‘आर ४८१२ मध्ये दुरुस्त’ (म्हणजे सबव्हर्जनच्या ४८१२ क्रमांकाच्या रिव्हिजनमध्ये, नोंदवलेल्या बदलात) असे उल्लेख आहेत. हे क्रमांक कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात ठेवावेत की गिट नोट्समध्ये (कमिटला बाहेरून जोडलेल्या टिपांत)?

उत्तर : संदेशातच, आणि तेही रूपांतर करतानाच. संदेशावरूनही कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळख असलेला कोड, ठरतो. नंतर एक ओळ वाढवली तरी तिथून पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश बदलतात आणि तोवर क्लोन (रिपॉझिटरीची, म्हणजे कोड आणि इतिहासाच्या साठ्याची प्रत) घेतलेल्यांची पंचाईत होते. नोट्सनी हॅश बदलत नाही हे खरं, पण त्या ‘रेफ्स/नोट्स’खाली वेगळ्या राहतात (रेफ म्हणजे गिटमधला नाव दिलेला निर्देशक). साध्या क्लोनमध्ये त्या येत नाहीत, पुश करतानाही (आपले बदल सर्व्हरवर पाठवताना) तो रेफ मुद्दाम सांगावा लागतो. पुढे सुचणाऱ्या टिपांसाठी नोट्स उत्तम. कायम लागणाऱ्या क्रमांकासाठी नकोत.

गिट-एसव्हीएन हे रूपांतराचं साधन प्रत्येक संदेशाखाली ‘गिट-एसव्हीएन-आयडी’ ही ओळ आपणहून घालतं : जुना पत्ता, @, क्रमांक आणि यूयूआयडी (जुन्या रिपॉझिटरीची एकमेव ओळख). म्हणून ही ओळ गाळणारा ‘नो-मेटाडेटा’ हा पर्याय देऊ नका. पण ओळ लांबलचक असते, त्यातून आतल्या सर्व्हरचा पत्ताही उघड होतो. सबव्हर्जन कायमचं बंद केल्यावर, सगळ्यांना रिपॉझिटरी देण्याआधी, गिट फिल्टर-रेपो या इतिहास पुन्हा लिहिणाऱ्या साधनाच्या मेसेज-कॉलबॅकने (संदेश बदलणाऱ्या पर्यायाने) तिची ‘एसव्हीएन-रिव्हिजन: ४८१२’ एवढीच ओळ करा. घाई केलीत तर गिट-एसव्हीएनला पुढची रिव्हिजन त्याच इतिहासाला जोडता येणार नाही. लॉगमध्ये (कमिटच्या यादीत) ग्रेप या शोधाच्या पर्यायाने शोधताना क्रमांकामागोमाग $ (ओळीचा शेवट) लिहा, नाहीतर ४८ शोधल्यावर ४८१२ही हाती येईल. एकाच रिव्हिजनमध्ये ट्रंक (मुख्य शाखा) आणि दुसरी शाखा दोन्ही बदलल्या असतील, तर एका क्रमांकाचे दोन कमिट दिसतील. ती चूक नव्हे.

आता जे बहुतेकांच्या हातून निसटतं ते. मर्जइन्फो (कोणते बदल कुठून मिसळले), एक्स्टर्नल्स (बाहेरच्या रिपॉझिटरींचे दुवे) यांसारखे सबव्हर्जनचे गुणधर्म आणि रिकामे फोल्डर यांना गिटमध्ये जागा नाही. गिट-एसव्हीएन त्यांची नोंद ‘.गिट/एसव्हीएन’मधल्या ‘अनहँडल्ड.लॉग’ या फाइलींत रिव्हिजनवार करतं. क्लोनमध्ये त्या जात नाहीत, म्हणजे रूपांतराचं मशीन पुसलं की ही माहितीही गेली. त्या आधी वेगळ्या जपून ठेवा.

प्रश्न : मर्क्युरिअल या तशाच दुसऱ्या प्रणालीतून गिटमध्ये जाताना तिथल्या शाखांची नावं कशी टिकवायची?

उत्तर : तिथे नाव कमिटमध्येच कोरलेलं असतं, गिटची शाखा हा नुसता सरकता निर्देशक, तो काढला की नाव संपलं. मर्क्युरिअलमधून गिटमध्ये नेणाऱ्या एचजी-फास्ट-एक्स्पोर्ट या साधनामध्ये ‘ब्रांच-नेम-इन-कमिट’ हे प्लगिन आहे. त्याला ‘एंड’ हा पर्याय द्या, म्हणजे नाव संदेशाच्या शेवटी बसेल आणि लॉगची पहिली ओळ स्वच्छ राहील.